आकडे तू बघ, पक्षी मी बघतो

शटर दोन हजार, आयएसओ चारशे, फोकस धावता. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी मी हे आजही मोठ्याने म्हणते. जेट्टीवर शेजारी कोणी नवखा उभा असला तर तो हळूच दोन पावलं लांब सरकतो. सरकू दे. माझी मुलगी म्हणते, "आई, आता कॅमेरा सगळं स्वतःच ठरवतो, तू कशाला मंत्र पुटपुटतेस?" तिला मी खरं कारण कधी सांगितलं नाही. सांगायला गेलं की आधी स्वतःचीच लाज काढावी लागते, आणि पोटच्या पोरीसमोर ते कोणाला आवडेल? पण आता केस पिकायला लागले, गुडघे होडीत चढताना कुरकुर करतात. लिहूनच टाकते, म्हणजे तोंडाने सांगायला नको.

आमचं घर सारसोळे गावातलं. बाबांनी जुनं कौलारू पाडून तिथे दोन मजले चढवले होते. खाली आम्ही, वर भाडेकरू. पुढे टॉवर, मागे खाडी, आणि मधे आमचं गाव, दोन्हीकडून दाबलेलं. सकाळी एका बाजूने सोसायटीच्या वॉचमनची शिट्टी ऐकू यायची आणि दुसऱ्या बाजूने खाडीवरच्या बगळ्यांची कलकल. घरात त्याआधीच आईच्या भाकऱ्यांचा आवाज सुरू झालेला असायचा. तांदळाची भाकरी ती परातीत इतक्या जोरात थापायची, की वरच्या मजल्यावर गजर लावायची कोणाला गरज पडत नव्हती. तव्यावर सुकट भाजायला टाकली की मात्र वरच्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या.

त्यातली एक खिडकी सबनीस काकांची. बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे बार्शीकडचे, बायको वारलेली, मुलगी पुण्याला. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते नाकाला रुमाल लावून खाली आले आणि घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "वहिनी, बघा की, तुमच्याकडं काहीतरी जळतंय!" आई म्हणाली, "जलत नाय काका, भाजतंय. बसा, तुमाला वालाचा बिरडा वारते." त्या दिवसापासून काका सकाळचं आमच्याकडेच जेवायला लागले. शाकाहारी माणूस मासळीच्या घरात बसून बिरडं-भाकरी खायचा, आणि आई त्यांच्या ताटाला आपला मासळीचा हात लागू नये म्हणून दोनदा साबण लावायची. बशीत चहाचा कप वाजायला लागला की आम्हाला कळायचं, काका आले. त्यांचा उजवा हात थरथरायचा. डॉक्टरने त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, काका नुसतं "हाताचा हट्ट" म्हणायचे.

अशा हाताच्या माणसाने रिटायर झाल्यावर काय घ्यावं? कॅमेरा! तोही साधा नाही, दुधी भोपळ्याएवढी लेन्स लावलेला. आख्खं गाव हसलं. मीही हसले. मी तेव्हा नावाला कॉलेजात होते. लेक्चरपेक्षा गच्चीवर जास्त वेळ असायची. काका गच्चीवर घारींचे फोटो काढायचे आणि मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिथे घुटमळायची. एक दिवस त्यांनीच विचारलं, "काय गं, बघायचंय?" मी लेन्समधून पाहिलं आणि समोरच्या टॉवरच्या टाकीवर बसलेल्या घारीचा डोळा मला दिसला. गडद तपकिरी, रागीट, आणि थेट माझ्याकडे. कपडे बादलीतच राहिले. आईने त्या दिवशी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काकांनी मला शिकवलं ते सरकारी फाईल समजावल्यासारखं, एकेक मुद्दा सावकाश. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी, ती किती वेळ उघडी ठेवायची ते आपण ठरवायचं. उजेड कमी असला तर आयएसओ वाढवायचा, पण फार वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. उडणाऱ्या पक्ष्यासाठी फोकस एका जागी धरून चालत नाही, तो पक्ष्याच्या मागे धावता ठेवायचा. पक्षी उजवीकडे चालला असेल तर उजवीकडे जागा सोडायची, त्याला जायला वाट नको का? आणि सगळ्यात महत्त्वाचं शटर. "एका सेकंदाचे दोन हजार तुकडे कर," काका म्हणायचे, "आणि त्यातला एकच तुकडा घे. तेवढ्याशा वेळात घार थांबते, होडी थांबते आणि माझा हातपण थांबतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी खुशी असायची ती मी कधी विसरणार नाही. दिवसभर कप वाजवणारा, शर्टाच्या बटणांशी झगडणारा, सही करताना मान खाली घालणारा तो हात, दोन हजारावर कोणाला दिसतच नव्हता. सेकंदाचे साठच तुकडे केले, म्हणजे शटर साठवर असलं, की मात्र सगळं उघडं पडायचं.

घोडं एकाच ठिकाणी अडायचं. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर काकांना चष्मा काढावा लागे, आणि चष्मा काढला की आकडे दिसत नसत. मग आमची वाटणी ठरली. "आकडे तू बघ, पक्षी मी बघतो." चाक फिरवून शटर लावायचं काम माझं. मी लावायची आणि ते विश्वासाने दाबायचे. पण त्यांनी एक गोष्ट पहिल्यापासून सांगून ठेवली होती. "ज्या दिवशी या हातामुळं फोटो हलला, त्या दिवशी कॅमेरा बंद. पोरीला तसं कबूल केलंय मी." त्यांची पुण्याची मुलगी म्हणत होती, बाबा, आता होडीत वगैरे जाऊ नका, आणि काकांनी तिच्याकडून एवढीच सवलत मिळवली होती.

होडी आमच्या बाबांची. बाबा तिला होरी म्हणायचे. रविवारी बाबा काकांना आणि मला खाडीत न्यायचे. दोर सोडण्याआधी त्यांची एक पद्धत होती. होडीतल्या प्रत्येक वस्तूला हात लावायचा आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायचं. "वल्हा हाय. दोर हाय. पानी काढाचा डबा हाय. पियाचा पानी हाय." तीस वर्षं तेच वल्हं, तोच डबा, तरी रोज. मी एकदा चिडवलं, "बाबा, डबा काय पळून जातो का?" ते म्हणाले, "डबा नाय पळत, बाय. आपला ध्यान पळतो." मी हसण्यावारी नेलं. त्या वयात बापाचं कोण ऐकतं?

काकांना हवी होती मासेघार. पुस्तकात तिचं नाव कैकर, आम्ही आपली मासेघार म्हणायचो. थंडीत ती खाडीवर येते, जाळी बांधायच्या खांबावर बसते आणि भरतीबरोबर मासे आत शिरले की वरून दगडासारखी पाण्यात पडते. पंजात मासा धरून ती पाण्यातून वर येते तो क्षण काकांना पाहिजे होता. दोन थंड्या झाल्या तरी मिळाला नव्हता. कधी ती पाठ करून उठायची, कधी मधे दुसरी होडी, कधी मासाच सुटायचा. तिला कुठे शोधायचं ते बाबांना माहीत, कसं पकडायचं ते काकांना. मी दोघांच्या मधे बसलेली, मोठी शहाणी.

त्याच थंडीत माझ्या ताईचा साखरपुडा ठरला. मुलगा द्रोणागिरीच्या एका गोदामात सुपरवायझर. शनिवारी संध्याकाळी घर माणसांनी भरलं, ट्यूबलाइटी लावल्या, आईने वड्यांचा घाणा काढला, बायका गाणी म्हणत होत्या. काकांनी आपणहून मला कॅमेरा दिला. "छोटी लेन्स लाव, घरातला उजेड कमी आहे, आयएसओ वाढव, शटर साठवर घे. माणसं काही उडून जात नाहीत." मी मिरवले, खोटं कशाला बोलू! गावातल्या एकाही मुलीच्या गळ्यात असला कॅमेरा नव्हता. ताईच्या ओटीचे, आईच्या नथीचे, बाबांनी चोरून डोळे पुसले त्याचे, सगळ्यांचे फोटो काढले. सगळं आवरल्यावर मोठी लेन्स परत लावली, आठवणीने आयएसओ चारशेवर आणला आणि कॅमेरा बॅगेत ठेवला. शटरचं चाक फिरवायचं राहिलं.

रविवारी सकाळी भरती चांगली होती. बाबांनी सगळ्या वस्तूंची नावं घेतली. काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि विचारलं, "आकडे बघितले?" मी जांभई देत म्हटलं, "हो." काल रात्री बघितले होते ना, तेच की आज. इतकं साधं. मग तिवरांच्या झाडीच्या कडेने आम्ही आत शिरलो आणि तिसऱ्या खांबावर ती बसलेली. बाबांनी वल्हं उचलून धरलं. काही सांगायला लागलं नाही. ती उठली, वर गेली, हवेत जागच्या जागी पंख मारत थांबली आणि कोसळली. पाणी उडालं आणि ती आमच्याकडे तोंड करून वर आली, पंजात चमकणारा मासा, उन्हाची तिरीप बरोबर तिच्या छातीवर. दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. काकांनी बोट दाबून धरलं.

आणि मला आवाज ऐकू आला. दोन हजारावर कॅमेरा कसा टकटकटक वाजतो, सुपारी कातरल्यासारखा. हा आवाज जाड होता, खळ्ळक, खळ्ळक. मी वाकून कॅमेऱ्यावरच्या आकड्यांच्या छोट्या पट्टीवर पाहिलं. साठ. तेव्हा ओरडले असते, "काका, थांबा!" तर कदाचित शेवटचे दोन-तीन फोटो तरी वाचले असते. मी नाही ओरडले. घार तिवरांवरून निघून गेली, काकांनी कॅमेरा मांडीवर ठेवला, खिशातून चष्मा काढायला लागले, आणि मी, देवा रे, तेवढ्यात बोटाने चाक फिरवून दोन हजार केलं.

काकांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला. सगळे हललेले. घारीला दोन चोची, माशाला तीन शेपट्या. पंधरा-वीस फोटो त्यांनी सावकाश पाहिले, फाईलचं पान उलटावं तसे. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. "झालं," ते म्हणाले. "दोन हजारावरपण हलायला लागला." बाबा म्हणाले, "काका, परत येल ती. अजून भरती हाय." काकांनी मान हलवली. "नाही हो. कबूल केलंय पोरीला." परत येताना मी डब्याने होडीतलं पाणी काढत राहिले, वर पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी काका खाली आले आणि कॅमेऱ्याची बॅग माझ्या मांडीवर ठेवली. "तुझा आता. कार्डपण आत आहे. चांगला वापर." आई हरखली. "अगं, पाया पर काकांच्या!" मी पाया पडले. वाकले तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि केसांत थरथरला. मला रडू फुटलं, आणि सगळ्यांना वाटलं पोरगी आनंदाने रडतेय.

कॅमेरा मला हवा होता. नुसता हवा नव्हता, जीव टाकत होते त्याच्यासाठी. आणि तो मिळाला होता माझ्याच चुकीचं बक्षीस म्हणून. गच्चीवर जाऊन मी घारीचे ते फोटो उघडले. पडद्याशेजारचं बटण दाबलं की फोटोखाली त्याची सगळी माहिती येते. प्रत्येक फोटोखाली तेच, एक भागिले साठ, एक भागिले साठ. दुसरं बटण कचऱ्याच्या डब्याचं. ते दाबलं की संपलं, कोणाला कधी कळणार नव्हतं. त्या बटणावर मी किती वेळा अंगठा ठेवला आणि काढला ते मलाच माहीत. स्वतःला समजावलंही, की काकांची मुलगी म्हणतेच आहे ना, वय झालंय, आज ना उद्या बंद करायचंच होतं. माणूस स्वतःचा वकील झाला की फार हुशार होतो.

तिकडे काका पार बदलले. गच्चीवर येणं बंद. दिवसभर टीव्हीचा आवाज. चहाला ते कप डाव्या हाताने धरायला लागले, आणि तो कप वाजायचा बंद झाला. इतकी वर्षं ज्या आवाजाला आम्ही गालात हसायचो तो आता ऐकू येईना तर घर मला खायला उठलं. गुरुवारी आई म्हणाली, "काका अर्धी भाकरी ठेवतान. मना वाटतंय ते जातील पोरीकडं." मी ताट तसंच ठेवून उठले.

रविवारी बाबा एकटेच निघाले. मी मागोमाग जेट्टीवर गेले. ते होडीतल्या वस्तूंना हात लावत होते. "वल्हा हाय. दोर हाय. डबा हाय." मी म्हटलं, "बाबा, माझं शटर राहिलं होतं." त्यांना शटर-बिटर काही कळत नसे. मी सगळं सांगितलं, चाक फिरवून लपवलं तेही. वाटलं, आता एक ठेवून देतील. त्यांनी दोर पुन्हा खुंटाला बांधला आणि म्हणाले, "जा, सांग काकाना. मी थांबतो हतंच."

घरातून बॅग घेऊन मी जिना चढले. काकांच्या समोर कॅमेरा धरला आणि म्हटलं, "चष्मा लावा आणि खालचा आकडा वाचा." त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. टीव्ही चालूच होता. "साठ?" ते म्हणाले. मी म्हटलं, "साखरपुड्याचं राहिलं होतं. माझ्याकडून. आणि तुम्ही चष्मा काढत होता तेव्हा मी ते बदललं. तुम्हाला कळू नये म्हणून." काका उठून उभे राहिले. त्यांना कधी चिडलेलं मी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. "आठ दिवस! आठ दिवस मी या हाताकडं बघत बसलोय, कळतं का तुला? सही करायची हिंमत गेली माझी! मुलीला फोन करून सांगितलं मी, बाई, तूच बरोबर होतीस!" मी रडत उभी. ते खिडकीशी गेले, पाठमोरे थांबले. तिकडूनच म्हणाले, "म्हणजे हात नव्हता."

"नाही काका. हात नव्हता."

"भरती किती वाजता आहे?"

"आत्ताच. बाबा थांबलेत."

आता खरं सांगते. मला वाटलं होतं, मी इतकं मन मोठं करून कबूल केलं, आता काका म्हणतील, राहू दे तुझ्याकडेच. सिनेमात म्हणतात तसं. काकांनी बॅग माझ्या हातातून काढून घेतली, पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला आणि चपला शोधायला लागले. जिन्यात मागे वळून म्हणाले, "कॅमेरा माझा आहे. तू आकडे वाच. आणि आजपासून मोठ्याने वाचायचे, तुझे बाबा वाचतात तसे. होडी सुटायच्या आधी." मला वाईट वाटलं का? वाटलं, भरपूर वाटलं. पण जिना उतरताना पट्ट्याची कडी त्यांच्या थरथरत्या हाताने किणकिण वाजत होती, आणि तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

मासेघार त्या दिवशी आली नाही. पुढच्याही रविवारी नाही. थंडी सरता सरता एकदा आली. डावा पंख फोटोच्या बाहेर गेला, पण बाकी सगळं लख्ख, पाण्याचे थेंबसुद्धा मोजून घ्यावेत. काकांनी तो मोठा करून आणला आणि आईला दाखवला. आईने घारीकडे पाहिलंच नाही, तिच्या पंजातल्या माशावर बोट ठेवलं. "बोय हाय," ती म्हणाली, "ताजी हाय एकदम." काका इतके हसले की कप बशीतून उडाला. त्यानंतर तीन थंड्या आम्ही गेलो. प्रत्येक वेळी दोर सोडण्याआधी बाबा म्हणायचे डबा हाय आणि मी म्हणायची शटर दोन हजार.

तिसऱ्या थंडीतला शेवटचा रविवार. चिखलात एक बगळा उभा होता. उडत नव्हता, हलतही नव्हता. काकांनी बरेच फोटो काढले, चष्मा लावून पाहिले आणि कॅमेरा माझ्याकडे दिला. कुठे बगळ्याचं डोकं बाहेर गेलेलं, कुठे फोकस मागच्या तिवरांवर, आणि जे एक-दोन पूर्ण आले होते ते हललेले. मी खालची माहिती उघडली. काका माझ्याकडे पाहत होते.

"काय आकडा?"

'साठ' म्हणावं असं मला इतकं वाटलं! माझीच चूक काका, परत राहिलं, मी मूर्ख आहे, शिव्या द्या. एक शब्द तर बोलायचा होता. त्यांना चष्म्यातूनही तो बारीक आकडा आता दिसत नव्हता. बाबांनी वल्हं थांबवलं होतं.

"दोन हजार, काका."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पट्टा त्यांच्याच गळ्यात होता. तो त्यांनी डोक्यावरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. त्याला थोडा वेळ लागला, कारण तो सारखा माझ्या कानाला अडकत होता. मी मदतीला हात पुढे केला नाही. मग ते होडीच्या कडेला टेकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "चल, आता पक्षीपण तूच बघ. पण आकडे मोठ्याने वाच. मला ऐकू आले पाहिजेत."

शटर दोन हजार, मी म्हटलं. आयएसओ चारशे. फोकस धावता.